घंटेखालची खोली

प्रिय घुम्या,

तुझी चिठ्ठी दूधगाडीवाल्याने आणून दिली. एकच पान, त्यातलं निम्मं माफीचं. उरलेल्यात तू लिहिलंस की आता बरं वाटतंय, शनिवारी निघतो, रविवारची उपासना मीच घेतो. वाचून मी कपाळाला हात लावला. अरे, तुला तिकडे काय हवापालटाला पाठवलं होतं? तुझ्या गुरुजींच्या त्या तळ्याकाठच्या खोलीत फोन नाही, म्हणून तर ती निवडली. शनिवारी येऊ नकोस. हे आधीच लिहून टाकते, नाहीतर बाकीचं पत्र तू पिशवी भरता भरता वाचशील. खाली बस, चहा कर आणि मग वाच. पत्र लांबणार आहे. मला थोडक्यात लिहिता येत नाही हे तुला ठाऊक आहे. आई म्हणायची, हिला निरोप द्यायला पाठवलं तर ही गोष्ट सांगून येते.

इकडची बातमी तशी बरी आहे. तापाची साथ ओसरली. दवाखान्याच्या व्हरांड्यातल्या खाटा उचलल्या, औषधांच्या दुकानासमोरची रांग गेली, शाळा सुरू झाली आणि पोरांचा कलकलाट ऐकून जन्मात पहिल्यांदाच माझं डोकं उठलं नाही. गेल्या आठवड्यात आपल्या चर्चच्या मंडळीत एकच दफन झालं. तुझ्या घंटेखालच्या खोलीतल्या फळ्याही संपल्या. सुतारकाकांनी शेवटच्या काढून नेल्या, भुसा झाडला, झरोक्याची काच पुसली आणि तुझं स्टूल कुठे असायचं ते मला विचारून बरोबर तिथेच ठेवलं. तुझा झगा काल धुतला, आत्ता दोरीवर वाळतोय. तू गेल्यावर एकदा धुऊन, इस्त्री करून ठेवला होता, पण परत धुवायची वेळ आली. घेराची माती काही पुरती निघत नाही. मीच शिवलेला तो, कापड किती हट्टी आहे ते मला माहीत आहे.

त्या खोलीचं तुला काय वेड होतं रे! या मंडळीत तुझी नेमणूक झाली तेव्हा आपण तिघं सामान घेऊन आलो. हे गेल्यावर मी माझं शिलाई मशीन उचलून तुमच्यात आले होते, त्यामुळे तुझ्या पुस्तकांपेक्षा माझ्या कापडांचेच गठ्ठे जास्त. मी स्वयंपाकघर बघत होते, आई नळाला पाणी आहे का ते बघत होती, आणि तू गायब. शोधत आले तर तू चर्चच्या मागे, मनोऱ्याखालच्या त्या बोळकांडीएवढ्या खोलीत उभा. मधोमध घंटेचा दोर लोंबतोय, बसायला एक मोडकं स्टूल, आणि तुझ्या तोंडावर असा आनंद की कुणी राजवाडा दिलाय. लहानपणीही तू तसाच. पाहुणे आले की जिन्याखालच्या कपाटात जाऊन बसायचास. शेजारणी आईला सांगायच्या, पोरगं घुमं आहे, कुणाला तरी दाखवून आणा. आई म्हणायची, घुमं नाही, ते ऐकत असतं. पुढे तू पाळक झालास तेव्हा तिने त्या सगळ्यांना गाठून गाठून ऐकवलं, बघा, मी म्हटलं नव्हतं? रोज उजाडायच्या आत तू त्या खोलीत जायचास आणि आई अंगणातल्या दारात खुर्ची टाकून बसायची. कुणी आलं की म्हणायची, पाळक आत्ता त्यांच्या मालकाशी बोलतायत, तुम्ही चहा घ्या. मंडळीचा कारभार बघणारे मोठमोठे पंचसुद्धा निमूट चहा पीत बसायचे. तुझ्या दाराची कडी ती होती.

कारण खरी कडी तर आपल्या पाळकघराला नाहीच. पहिल्या पाळकांनी म्हणे ती स्वतःच्या हाताने उपटून काढली, मंडळीला हे दार कधी बंद दिसू नये म्हणून. दरवर्षी मंडळीच्या वाढदिवसाला ही गोष्ट कुणीतरी सांगतं आणि सगळे माना डोलावतात. त्या पाळकांचं पुढे काय झालं, ते मात्र कुणी सांगत नाही. मी एकदा आईला विचारलं तर म्हणाली, सांगण्यासारखं असतं तर सांगितलं नसतं का?

मग साथ आली. आधी आपण सगळेच कंबर कसून उभे होतो. सुतारकाकांच्या दुकानाचं छप्पर गळायला लागलं आणि शवपेट्यांच्या फळ्या ठेवायला कोरडी जागा हवी झाली, तेव्हा पंचांच्या बैठकीत सगळ्यांनी तुझ्याकडे बघितलं. तू म्हणालास, घंटेखालची खोली घ्या, मला काय, प्रार्थना कुठेही होते. सगळ्यांना गहिवरून आलं. आपले घड्याळवाले पंच, तुझ्या प्रवचनात सारखं मनगट बघणारे, त्यांनी उठून तुझी पाठ थोपटली आणि म्हणाले, असा पाळक मिळायला भाग्य लागतं. फक्त आई चिडली. घरी येऊन भांडी आपटत म्हणाली, कुठेही होते म्हणजे कुठेच होत नाही. तू हसून टाळलंस. मीही हसले, खोटं कशाला बोलू? माणसं मरत असताना एका स्टुलाचं काय घेऊन बसायचं, असं मलाही वाटलं.

पेट्या वाढत गेल्या तसा तू आटत गेलास. उभ्याउभ्याच जेवायचास, तेही आईने ताट हातात कोंबलं तर. कडी नसलेल्या दारातून लोक सरळ आत यायचे, तू अंघोळीला गेलास तर न्हाणीघराबाहेर उभं राहून प्रार्थनेचा विषय सांगायचे. त्यात शेजारच्या मंडळीचे पाळक आजारी पडले, त्यांची दफनंही तुझ्याच गळ्यात. घरचं झालं थोडं आणि व्याह्याने धाडलं घोडं. तू कुणालाही नाही म्हणाला नाहीस. आणि रडलाही नाहीस. ऑर्गनवाले मास्तर गेले, तुझा एवढा एकच मित्र, तर त्यांना माती दिलीस, झगा झटकलास आणि तिथूनच पुढच्या घरी गेलास. मी तुझ्या मागून चालत होते. तू रडशील म्हणून रुमाल हातात धरून चालत होते.

आणि मग तो रविवार. बेकरीवाल्यांच्या लेकीचा बाप्तिस्मा. मला तर बरंच वाटलं होतं, एक तरी पांढरं कापड आनंदासाठी शिवायला मिळालं. तू बाळ हातावर घेतलंस, पाण्यात बोटं बुडवलीस, आणि दफनाच्या वेळची ती मातीला माती, राखेला राख अशी वाक्यं म्हणायला लागलास. सावकाश, स्पष्ट, तुझ्या त्या गोड आवाजात. आणि सगळ्यात भयंकर काय, ठाऊक आहे? कुणाच्या लक्षातच आलं नाही. आमचे कान त्याच वाक्यांना इतके सरावले होते की अर्ध्या बाकांवरून आमेनसुद्धा आलं. मीही म्हटलं. मग बाळाच्या आईने किंचाळून तिला तुझ्याकडून ओढून घेतलं. तू हात पुढे धरून तसाच उभा, बोटांवरून पाणी गळतंय, आणि काय झालं ते तुला कळतच नव्हतं. तू माझ्याकडे बघितलंस आणि त्या नजरेत माझा भाऊ नव्हता. इतक्या पेट्या बघून मी घाबरले नव्हते, तेवढी तेव्हा घाबरले.

घरी आल्यावर मी रडत बसले आणि आई उठून तुझी पिशवी भरायला लागली. गुरुजींना निरोप तिने धाडला, गाडी तिने ठरवली. तू म्हणालास, अजून माणसं मरतायत, मी कसा जाऊ? ती म्हणाली, तू इथे असलास तरी मरतायतच. कठोर बोलली, पण ते तिच्याशिवाय कुणाला बोलता आलं नसतं. निघताना तिने तुला जवळही घेतलं नाही, दारातूनच हात हलवला. ते तुला लागलं, तुझ्या पहिल्या पत्रातून कळलं मला.

बेकरीवाल्यांच्या छकुलीबद्दल तू एकदाही विचारलं नाहीस. हिंमत होत नसेल, म्हणून मीच सांगते. ठणठणीत आहे. साथीने तिला हातही लावला नाही. दोन दात आलेत आणि दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला चावून दाखवते. तिची आई मध्ये येऊन गेली. मला वाटलं भांडायला आली. तर म्हणाली, पाळक परत आले की बाप्तिस्मा त्यांच्याच हातून, दुसरं कुणी नको, पण आधी त्यांना झोप काढू दे म्हणावं. बोलणारे बोलतायत, त्यांची तोंडं कोण धरणार? अपशकुन झाला, पाळक बदला, असंही कुणी म्हणालं. घड्याळवाले पंच तर तुझा पत्ता मागायला दर दिवसाआड दारात. साथीला सुट्टी नाही तर पाळकाला कसली सुट्टी, म्हणाले. मग माझंही डोकं फिरलं. म्हटलं, पंच, प्रभूच्या दारात आजाऱ्यांची रीघ लागली होती, तरी तो पहाटे उठून एकटा रानात गेलाच ना? मागे किती जण कण्हत राहिले असतील. ते म्हणाले, तो प्रभू होता, बाई. म्हटलं, मग त्याला असा एकांत लागत होता तर तुमच्या पाळकाला किती लागेल? त्यावर घड्याळ बघून निघून गेले. आणि आता सुतारकाकांनी घंटेखालच्या खोलीला आतून कडी बसवली आहे, तीही न विचारता. पंचांनी जाब विचारला तर काका म्हणाले, इतकी झाकणं ठोकली, एक कडी ठोकली तर बिघडलं कुठे?

तुझ्या चिठ्ठीतली खरी ओळ मला दिसली बरं का, तू ती माफीच्या मध्ये लपवलीस तरी. तू लिहिलंस की दिवसभर गुरुजींचं कुंपण दुरुस्त करतोस, कारण नुसतं बसलं की माती दिलेला एकेक जण येऊन समोर बसतो. मास्तर येतात, दवाखान्यातली ती नर्स येते, पोरं येतात. म्हणून कामाला परत यायचंय. म्हणजे बरं वाटतंय हे खोटंच की! रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावी, तसं ते कुंपण. घुम्या, मी काही शिकलेली नाही, बायबल तुझ्याकडूनच ऐकलेलं. पण हे गेल्यावर मी सतत लोकांचे कपडे शिवत बसले. दुकान बंद करायची वेळ आली की आणखी एक बाही काढायची. एकदा मशीनचा पट्टा तुटला आणि मला नुसतं बसावं लागलं, तेव्हा हे आले आणि समोर बसले. फार वाईट गेली ती दुपार. पण त्या दुपारनंतर मी माणसात आले. त्यांना येऊ दे. बसू दे. इथे तू त्यांना उभ्याउभ्या माती दिलीस, आता ते निवांत भेटायला येतायत. तुला वाटतं तिथे प्रार्थना होत नाही, शब्दच फुटत नाहीत. न फुटू देत. लहानपणी कपाटात बसून तू कुठे काही बोलायचास? तेव्हाही ऐकतच होतास. आणि रविवारचं प्रवचन तयार केलं असशील तर फाडून चुलीत घाल.

आता आई. तू शेवटी विचारलंस, आईने या वेळी माझ्या पत्राखाली दोन शब्दही का नाही लिहिले, माझ्यावर रागावली आहे का. नाही रे बाळा. आई गेली. तापानेच गेली. तू निघालास त्या दिवशीच तिला कणकण होती, म्हणून तिने तुला जवळ घेतलं नाही. हात लागला असता तर तुला कळलं असतं आणि तू गाडीतून उतरला असतास. गेल्या आठवड्यातलं ते एकच दफन तिचं. त्या खोलीतल्या शेवटच्या फळ्या तिला लागल्या, म्हणून खोली रिकामी झाली. मी तुला आणायला गाडी सांगितली होती. तिने माझं मनगट धरलं, अंगात त्राण नव्हतं तरी असं धरलं की बांगडी रुतली, आणि म्हणाली, त्याला बोलावू नकोस. तो येईल, झगा घालेल, मला नीट माती देईल, डोळ्यातून टिपूस काढणार नाही आणि पुढच्या घरी जाईल. मला पाळक नको. मला माझं पोरगं हवं, माझ्यासाठी रडायला. ते अजून परत आलेलं नाही, त्याला येऊ दे, मग कितीही उशीर होऊ दे. मला ते पटलं नाही. अजून धड पटलेलं नाही. तिच्यावर चिडतच मी तिचे पाय चेपत होते, आणि चिडतच मी तिला शब्द दिला आणि पाळला. तू मला माफ करशील की नाही, मला माहीत नाही. दूरच्या मंडळीतले निवृत्त पाळक आले, म्हातारे, बुटके, घाईत स्वतःचा झगा विसरलेले. तुझा घातला तर तो त्यांना पायघोळ झाला आणि ओल्या मातीतून फरफटला. घड्याळवाले पंच पहिल्या रांगेत होते. त्यांनी एकदाही घड्याळ बघितलं नाही, आणि परतताना तुझा पत्ताही मागितला नाही. शनिवारी आलास तर सगळी मंडळी दारात उभी असेल आणि तूच त्यांचं सांत्वन करत बसशील, तुझ्या आईसाठी त्यांचं! म्हणून लिहितेय, येऊ नकोस. गुरुजींना वेगळी चिठ्ठी दिली आहे, ते जेवण बाहेर ठेवून जातील, काही विचारणार नाहीत. आईसाठी तिथेच बसून रड, मास्तरांसाठी रड, सगळ्यांसाठी रड, आणि संपलं की ये. दार लावून घे. तिथल्या दाराला कडी आहे, मी गुरुजींना आधीच विचारून घेतलं होतं.

तुझीच,
दारातल्या खुर्चीवर आता आईच्या जागी बसलेली,
ताई